जावईबापूंची कात

आमच्या मुलाच्या चँडलर गावातल्या घरात हवा दोन प्रकारची आहे. एक माणसांची आणि एक सापाची. माणसांची हवा कोरडी ठणठणीत. ओठ फुटतात, टाचा फुटतात, सकाळी घशाला कोरड पडलेली असते. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, कारण ॲरिझोना म्हणजे वाळवंट हे घर घेतानाच माहीत होतं. सापाची हवा मात्र वेगळी. ती माझ्या नातीच्या खोलीतल्या एका लांबलचक काचेच्या पेटीत राहते, आणि तिच्यावर देखरेख करायला आतून एक छोटं मीटर चिकटवलेलं आहे. त्यावरचा आकडा साठाच्या खाली गेला की घरात कुजबुज सुरू होते. माझं ब्लड प्रेशर किती, हे या घरात माझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही. सापाच्या पेटीतला दमटपणा सुनेलासुद्धा तोंडपाठ असतो.

मी आणि बायको नागपूरचे. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून आम्ही अधूनमधून उन्हाळ्यात मुलाकडे येतो. नागपूरचा उन्हाळा चुकवायला लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही वाळवंटात येतो. यावरून आमच्या अक्कलहुशारीची कल्पना यावी.

साप अजगराच्याच जातीतला, पण अंगाने बेताचा, मूळचा आफ्रिकेकडचा. विषारी नाही. घाबरला की स्वतःचं वेटोळं करून त्यात डोकं लपवतो, म्हणजे स्वभावाने आमच्या मुलासारखाच. नातीला खरं तर कुत्रा हवा होता. सुनेला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. मग केस नसलेलं काय काय असतं याचा शोध घेता घेता प्रकरण सापावर येऊन थांबलं. गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये त्याचे गोठवलेले उंदीर असतात आणि त्या फ्रीजकडे बायको पाठ करून चालते. नातीच्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हे तिने पहिल्याच भेटीत जाहीर केलं होतं. "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला," असं वर ती म्हणाली. यात माझा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

मी त्या खोलीत जात असे, पण पेटीपासून चार हात लांब. नातीने सापाचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय. मी त्याला जावईबापू म्हणतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं जेवढं करत नाहीत तेवढं याचं बारा महिने चालतं. ऊन हवं म्हणून दिवा, अंथरायला नारळाच्या सोडणांचा भुसा, खायला आयतं. कोकणात जी सोडणं बंबात घालतात, तीच इथे भुसा करून, विटेच्या आकारात दाबून दुकानात विकायला ठेवतात. आणि इतकं करून चेहऱ्यावर समाधान म्हणून नाही, हेही जावयासारखंच.

दमटपणाचं एवढं कौतुक कशासाठी, तर कातीसाठी. एखाद्या गावाने कात टाकली, संस्थेने कात टाकली, असं आपण सहज बोलून जातो. सापाला ते इतकं सहज जमत नाही. हवा ओलसर असली तर कात पायमोज्यासारखी उलटी होत एकसंध निघते. हवा कोरडी असली तर तिचे तुकडे पडतात. त्यात सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखी एक पारदर्शक टिकली असते आणि दर वेळी कातीबरोबर तीही निघावी लागते. मागच्या खेपेला कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि उजव्या डोळ्यावरची टिकली तिथेच चिकटून राहिली. सापांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागलं. त्यांनी ती काढली आणि पुन्हा असं झालं तर डोळा जाऊ शकतो असं बजावलं.

घरी आल्यावर सून लेकीला म्हणाली, "हे बघ, मला हे आता जमणार नाहीये. नेक्स्ट टाइम असं झालं तर तो रेस्क्यूवाल्यांकडे जाणार. ते लोक त्याला प्रॉपरली बघतील. दॅट्स फायनल."

"फाइन," नात म्हणाली आणि पुढे कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. मुलाने नेहमीप्रमाणे वेटोळं करून त्यात डोकं घातलं. सून वाईट नाही. आपल्या घरात एका मुक्या जिवाचा डोळा जावा हे तिला नको होतं, आणि त्यात तिचं काही चुकतही नव्हतं.

या उन्हाळ्यात नातीचं व्हायोलिनचं शिबिर होतं, दुसऱ्या राज्यात, पंधरा दिवसांचं. आम्ही आल्यापासून तिने त्यासाठी आमच्या कानांचा अंत पाहिला होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी जावईबापूंचे डोळे निळसर, दुधी झाले. कात येणार याची ती खूण. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय, तोही साधारण याच रंगाचा दिसतो असं बायकोचं म्हणणं.

"आय ॲम नॉट गोइंग," नात म्हणाली. बॅग अर्धी भरलेली होती. सून समजावत होती, मुलगा फोनकडे बघत होता, आणि कुणीही मला काही विचारलेलं नसताना मी म्हणालो, "जा तू. मी आहे ना." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नात माझ्याकडे वळली. "आबा, यू डोन्ट ईव्हन लाइक हिम."

"आवडण्याचा प्रश्न कुठे आला? मला तुझ्या आजीचे भाऊही आवडत नाहीत. केलंच की सगळ्यांचं."

ती हसली आणि उरलेली बॅग भरायला गेली. बायको मात्र हसली नाही. "काय करून राहिले तुम्ही?" ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "नुसते स्वस्थ बसा ना. तो आपोआप जाते."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. साप जायला हवा असेल तर मला काहीही करायची गरज नव्हती, आणि काहीही न करणं हे निवृत्त माणसाला सगळ्यांत छान जमतं. पण सकाळी निघताना नातीने पाण्याचा स्प्रे माझ्या हातात दिला तेव्हा तिचे हात गार पडले होते. सापाची आवड नसलेल्या म्हाताऱ्याच्या हवाली आपला साप करून जायची तिच्यावर वेळ आली होती. मला तिची दया आली आणि स्वतःचा राग आला.

आता, कोरड्या हवेबद्दल नागपूरच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नसते. आम्ही कूलरवर वाढलेली माणसं. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरवायचा, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवायच्या, पंप साफ करायचा आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कूलर सुरू केला की समोरची खिडकी उघडी ठेवायची. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे कळत नाही. गार हवा निघून जाईल म्हणून ते दारंखिडक्या लावून घेतात, मग अंगाला चिपचिप होतं आणि नावं ठेवतात आमच्या कूलरला. या एका गोष्टीवरून मी आयुष्यात इतक्या लोकांना झापलंय की त्याची गणती नाही. भर लग्नघरात एकदा व्याह्यांनाही झापलं होतं.

तर नात गेल्यावर मी प्रथमच पेटी जवळून पाहिली आणि मला धक्काच बसला. वरच्या जाळीवर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी फॉइल पेपर घट्ट बसवलेला, फक्त दिव्यापुरती जागा मोकळी. काचेला आतून वाफ धरलेली. म्हणजे बंद खोलीत कूलर! पोरीला कुणी शिकवलंच नाही, त्यात तिचा काय दोष, असं म्हणत मी तो फॉइल काढून कचऱ्यात टाकला. जाळी तेवढी जागच्या जागी पक्की ठेवली. मग खोलीचं दार सताड उघडलं, वरचा पंखा लावला, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल टाकला, त्याच्यामागे टेबलफॅन ठेवला आणि वारा बरोबर जाळीवर जाईल असा कोन साधला. येता-जाता स्प्रे होताच. अमेरिकेत येऊन मी सापाला कूलर लावून दिला होता. काम झाल्यावर थोडा वेळ मी कौतुकाने बघत उभा राहिलो.

मीटरला ते कौतुक नव्हतं. संध्याकाळपर्यंत आकडा पन्नासच्या खाली आला. मी स्प्रे वाढवला. दुसऱ्या दिवशी तो चाळिशीत रेंगाळला. मी टॉवेल आणखी ओला केला, पंख्याचा वेग वाढवला. आकडा तिशीत उतरला. मीटरच बिघडलंय, असं माझं मत झालं. पण मीटर बिघडलंय म्हणणाऱ्या ग्राहकांशी मी वीज खात्यात कसा बोलत असे ते मला चांगलं आठवत होतं, म्हणून ते मत मी कुणाला सांगितलं नाही.

मुलाला विचारलं असतं तर? तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे हवेतला दमटपणा सोनं तोलावं तसा तोलतात आणि तो रेसभर हलला की मोठमोठ्या पगाराची माणसं धावत सुटतात. त्याला मी दारात गाठलं, तर तो म्हणाला, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे." कानात फोनचं यंत्र असल्यामुळे ते खरं की खोटं हेही कळत नाही.

मग एका दुपारी बायको त्या खोलीच्या दारापर्यंत आली. उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहिली, पंख्याचा वारा तिच्या तोंडावर आला, आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, किती छान वाटून राहिलं इथे," ती म्हणाली. "साप नसता तर मी दुपारी इथेच गादी टाकली असती."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बायकोला छान वाटतंय, म्हणजे ओल उडून जाते आहे. ओल उडते म्हणून तर गार वाटतं. खिडकी उघडी ठेवायची ती चिपचिप बाहेर जावी म्हणून, आणि जावईबापूंना हवी होती ती नेमकी चिपचिप. बाहेरगावचे अडाणी पाहुणे जी चूक करतात, तीच इथली रीत होती. माझ्या नातीला ते कळत होतं आणि मी तिला न शिकवलेली पोर समजत होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही टेबलफॅनवाला.

पेटीत पाहिलं तर साप दिव्याखाली अंग चोरून पडला होता. भुसा वरून ओला, उंदीर द्यायच्या लांब चिमट्याने उकरला तर आत कोरडा. सापाचं डोक्याचं कातडं सुरकुतलेलं, डोळे तसेच दुधी. मी त्याला गारठवलंही होतं आणि वाळवलंही होतं. तेव्हा मला खरोखर भीती वाटली. ती सापाची नव्हती. नात परत येईल, पेटी रिकामी असेल आणि ती माझ्याकडे बघेल, त्याची होती.

टॉवेल काढला. दोन्ही पंखे बंद केले. सुनेच्या ओट्याखालचा फॉइल घेऊन जाळी होती तशी झाकली. स्प्रे बाजूला ठेवला आणि भुशाच्या कोपऱ्यांतून तांब्याने कोमट पाणी सोडलं, म्हणजे ओल खालून वर येईल. संध्याकाळी मुलाच्या कानातलं यंत्र एकदाचं निघालं आणि त्याने लेकीच्या टेबलाच्या खणातून सुक्या शेवाळाची पिशवी काढून दिली. "हे भिजवून एका बंद डब्यात घाला बाबा, डब्याला भोक पाडा. त्यात जाऊन बसतो तो," म्हणाला. हे तो आधीच का बोलला नाही हे विचारण्यात अर्थ नव्हता.

डबा कुठला घ्यायचा हा प्रश्न या देशातल्या मराठी घरात पडत नाही. इंडियन स्टोअरमधल्या दह्याचे मोठे डबे आमच्याही गॅरेजमध्ये एकात एक घातलेले असतात. दही संपतं, डबे अमर असतात. त्यातला सगळ्यांत मोठा बायकोने चिवड्यासाठी राखून ठेवला होता. तो मी मागितला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं मंगळसूत्र सापाला घालायला मागतोय. पण दिला. मी झाकणाला भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, ओलं शेवाळ घातलं आणि चिमट्याने धरून डबा आत सरकवला. हात घालायचा धीर मला अजून नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर जावईबापू डब्यात शिरून बसले होते.

मीटर चढलं. काचेवर वाफ धरली. ती वाफ मला बघवत नव्हती. हात सारखा फॉइलकडे जायचा, कोपरा जरासा उचलावा, थोडी हवा खेळू द्यावी असं वाटायचं. इतक्या वर्षांची सवय. मग मी हात पाठीमागे बांधून त्या खोलीत बसायला लागलो. बायको जेवायला हाक मारायची तेव्हाच उठायचो.

काही दिवसांनी सापाचे डोळे एकदम स्वच्छ झाले आणि कात काही निघाली नव्हती. मला वाटलं, टळलं. नातीचा फोन आला तेव्हा मी तिला ती खुशखबर दिली.

"नो आबा, नो! दॅट मीन्स इट्स कमिंग. नाऊ इज द मोस्ट इम्पॉर्टंट टाइम. इज इट अबव्ह सिक्स्टी?"

"आहे की."

"प्रॉमिस?"

"तुझ्या आजीची शपथ."

"आबा!" ती ओरडली, पण हसत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कात नीट नाही आली तर मॉमला काही बोलू नका, ओके? जस्ट इन केस." मी बरं म्हणालो. माझ्या कूलरचंही मी काही बोललो नाही.

आणि एका सकाळी दह्याच्या डब्याच्या भोकातून कात अर्धी बाहेर आलेली दिसली. साप पेटीच्या दुसऱ्या टोकाला, नव्या कोऱ्या रंगाचा. कात लांबच लांब, कुठेही फाटलेली नाही. मी ती चिमट्याने अलगद उचलली, खिडकीपाशी नेली आणि डोक्याचा भाग उजेडात धरला. मला काहीच दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. सगळं एकसारखं पांढुरकं. टिकल्या आहेत की नाहीत हे ज्याने सांगायचं त्याच्याच डोळ्यात मोतीबिंदू.

मी कात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको तांदूळ निवडत होती. इथले तांदूळ निवडावे लागत नाहीत, पण ती निवडते. "हे काय, हे काय आणलं इथे!" असं म्हणून ती आधी दोन पावलं मागे गेली. मी म्हणालो, "डोळे बघून दे. मला दिसत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं, कातीकडे पाहिलं. काय वाटलं तिला कोण जाणे, तिने ताटातले तांदूळ पातेल्यात ओतले आणि रिकामं ताट पुढे केलं. मग चष्मा नाकावर घेऊन, पदर खोचून, ज्या प्राण्याच्या खोलीत ती पाऊल टाकत नव्हती त्याची कात ती खडे शोधावेत तशी बोटांनी निवडू लागली. डावी टिकली लगेच सापडली. उजवी सापडेना. तोवर सून चहा घ्यायला आली आणि आमच्या मागे येऊन उभी राहिली.

"इथे घडी पडली आहे," बायको म्हणाली. तिने बोट पाण्यात बुडवलं, घडीवर हलकेच फिरवलं, नखाने कड सोडवली. "ही बघा. आहे. दोन्ही आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. सुनेने वाकून ती टिकली पाहिली, बोटाने चाचपली. मग म्हणाली, "ओके. राहू दे मग त्याला." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आई, ते ताट मात्र आता गॅरेजमध्ये ठेवा हं."

नात परतली ती बूट न काढताच खोलीत धावली. साप बाहेर काढला, फोनचा उजेड त्याच्या उजव्या डोळ्यावर धरला, मग डाव्या. नंतर जमिनीवर बसून रडली. सगळं तिला आधीच फोनवर कळलं होतं तरी रडली. मी आपला दाराशी उभा होतो, पुन्हा चार हात लांब.

"आबा, सिट," तिने डोळे पुसत सांगितलं. "हात असे ठेवा. टाइट नाही पकडायचं."

मी नाही म्हणायच्या आत तिने तो माझ्या हातांवर ठेवला. इतके दिवस मी त्याच्या ओलीपायी जीव आटवला होता, आणि त्याला हात लावण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटत होतं साप ओला असेल, बुळबुळीत असेल. तो अगदी कोरडा होता. कोरडा, गार, आणि दिसतो त्यापेक्षा जड. माझ्या मनगटाला त्याने एक वेढा घातला आणि तिथेच थांबला.

"ही लाइक्स यू," नात म्हणाली.

"ह्याला माणूस ओळखू येतो का?"

तिने खरं सांगितलं. "नो. तुमचा हात वॉर्म आहे म्हणून."

बायको उंबरठ्यापर्यंत आली होती. आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "अहो, पानं वाढली आहेत. ठेवा त्याला आता."

"तुम्ही बसा," मी हळूच म्हणालो. "तो उतरला की येतो."